अवसेला उचललेली हातोडी

हे मी आजवर कुणापाशी काढलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं, असं मी कधी कधी मनाशी म्हणतो. पण ते खरं नाही. ती असती तर तिच्यापासूनच पहिलं लपवलं असतं. मी जेवताना मान वर केली नाही की ती ओळखायची, या माणसाने काहीतरी करून ठेवलंय. ती आधीच गेली, त्यामुळे लपवणं सोपं झालं. एवढंच.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत नाव घातलं होतं, पण बापाने उचलून पडवीत बसवलं नि हातात छिन्नी दिली. तेव्हा लिहिणं हा काही माझा धंदा नाही. वाक्य कुठे मोडलं तर मोडू दे. तुम्ही समोर ओट्यावर बसलाय असं धरून सांगतो. मधे काही विचारू नका. विचारलंत तर मी गप्प बसेन—स्वभावच तसा आहे.

आमचं गाव तारापूरच्या बाजूचं, समुद्राच्या अंगाला. आमच्या आळीत पूर्वी घरोघर डाय बनायच्या. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर छिन्नी-हातोडीने उलटी नक्षी कोरायची. कोयरी म्हणा, मोराची मान म्हणा, वेलाचं पान म्हणा. सोनार त्यावर पातळ पत्रा ठेवून दाब देतो, नि ती नक्षी सोन्यात सुलटी उठते. कितीतरी बायकांच्या गळ्यात माझं काम आहे. त्यांना माझं नाव माहीत नाही, पण व्यापाऱ्यांना होतं. माझ्या हातची डाय ते न विचारता ओळखायचे. ही फुशारकी आहे, मला कळतं. पण पुढचं सगळं याच फुशारकीतून निघालं, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

या कामाला आवाज असतो. पडवीत मी बसलो की सकाळपासून ठक-ठक, ठक-ठक. आळीला त्याची सवय. पोरं त्यात झोपायची, बायका त्यात गप्पा मारायच्या. आवाज थांबला की कोणीतरी डोकावून विचारायचं, काय रे जगू, बरं नाय काय?

महिन्यात एकच दिवस आवाज नसायचा—अवस. आमच्या घराची रीत. अवसेला हातोडी उचलायची नाही. बापाने पाळली, त्याच्या बापाने पाळली. त्या दिवशी हत्यारं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, ऐरणीवर नि हातोडीवर एकेक जास्वंद ठेवायची आणि पडवीत पाय ठेवायचा नाही. मी तापात काम केलंय. बायकोचे दिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बसलोय. पण अवसेला कधी नाही. एकदा एका व्यापाऱ्याचा माणूस अवसेला दारात येऊन रडकुंडीला आला होता, लग्नाची घाई होती त्याची. मी त्याला जेवू घातलं, पण हातोडी उचलली नाही. हे सगळ्या आळीला माहीत होतं. सुनेलाही.

पहिलं खोटं आता सांगतो. मोठं त्याच्या मागे आहे.

मशीनं आली. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन पोलाद कापतं. ज्या कामाला मला आठवडा लागायचा ते चहा पिईपर्यंत तयार. माझ्याकडची कामं कमी झाली, मग फुटकळ झाली, मग थांबली. आळीतल्यांनी एकेकाने पडव्या रिकाम्या केल्या. कोणी रिक्षा घेतली, कोणी बोईसरला कंपनीत लागला. वसंता माझ्याबरोबर शिकलेला, त्याने हत्यारं विकून चहाची टपरी टाकली. मी मात्र रोज सकाळी बसायचो. काय करायला? ठोकायला. कोरा ठोकळा ऐरणीवर धरायचा नि ठोकायचं. नक्षी नाही, काही नाही. आळीने ऐकावं, जगूचं काम चालू आहे. अधूनमधून दोन कोरे ठोकळे फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायचो नि पालघरला जायचो. घरात सांगायचं, माल द्यायचाय. स्टँडवर चहा प्यायचो, तासभर बसायचो, नि तेच ठोकळे घेऊन परत. पिशवी हलकी वाटावी म्हणून येताना दुसऱ्या खांद्यावर घ्यायचो. सांगायला आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

मुलाला कळलं नाही. नितेश माझा एकुलता एक, बोईसरला केमिकल कंपनीत होता. सुनेला तर कळायचं कारणच नाही. ती उलट गंमत करायची, बाबा, तुमचा आवाज नसला तर मला भाताचं पानी किती ठेवायचं तेच सुधरत नाय.

मग त्यातल्या त्यात मला अवस आवडायला लागली. महिन्यातला तो एक दिवस मला खोटं ठोकावं लागत नसे.

सुनेचं नाव प्रणाली. एडवणची पोर. बाप वाडीवाला, केळी नि भाजीपाला करणारा. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बोलण्यात कुठे लाडीगोडी नाही, पण आवाज—आवाजाचं काय सांगू. घरात आमच्यासारखीच बोलायची, हाय-नाय, आमी-तुमी. पण फोन कानाला लावला की निराळीच. शुद्ध मराठी, त्यातून हिंदी, नि मधेच इंग्रजी. बारावी करून ती विरारला कुठल्याशा कंपनीत होती, तिथे दिवसभर लोकांचे फोन घ्यायचे. कॉल सेंटर. लग्न झालं, जाणं-येणं लांबचं पडलं, तिने सोडलं. मला वाटलं बरं झालं. मला ते काम म्हणजे काही काम वाटत नव्हतं. हाताला घट्टे नाहीत, बोटाला चिरा नाहीत, ते कसलं काम?

नितेशच्या कंपनीतलं त्याचं युनिट बंद झालं तेव्हा प्रणालीला चौथा महिना होता. तो ठेकेदाराकडे जायला लागला. आज काम आहे, उद्या नाही. एक दिवस जेवताना तो म्हणाला, गुजरातेत दहेजला एकजण बोलावतोय, कायमचं काम हाय. प्रणालीने ताटातून मान वर केली नि म्हणाली, मग मी बाळ झाल्यावर तुला फोटो पाठवत बसू काय? मी काम बघते. तू कुठे जायचं नाय.

तिला तेवढंच हवं होतं. बाळ यायच्या वेळेला घर एका ठिकाणी असावं. आईविना वाढलेल्या पोरीने यापेक्षा जास्त काय मागितलं?

ती फोनच्या कामासाठी बोईसरला खेटे घालायला लागली. एकदा नितेशला ठेकेदाराकडे जायचं होतं म्हणून मी बरोबर गेलो. मोबाइलच्या दुकानावरती पहिला मजला, अरुंद जिना. वर कोवळी पोरं-पोरी रांगेत, प्रत्येकाच्या कानात काहीतरी. तिने सैल ड्रेस घातला होता, ओढणी पुढे दोन पदरी. मी खाली वॉचमनच्या बाकड्यावर बसलो. तो बिहारकडचा. म्हणाला, "चाचाजी, बहू को इस हालत में कहाँ घुमा रहे हो? घर पे आराम कराओ." मी काय केलं माहीत आहे? मान डोलावली. म्हणजे मी तिच्याबरोबर आलो होतो तो तिच्या बाजूने नव्हेच.

ती खाली आली ती कठड्याला धरून.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय, बाबा. नाव विचारायच्या आधी कितवा महिना ते विचारलं. बाळ झालं की या म्हनाले." मग हसली. "मी म्हटलं, बाळ नाय बोलनार फोनवर, मीच बोलनार हाय."

मला हसू आलं नाही. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो—तिला नाही म्हणाले याचं मला बरं वाटलं.

अशी दोन-तीन ठिकाणं झाली. कुठे पोट दिसलं म्हणून, कुठे रात्रपाळी म्हणून. मग तिच्या विरारच्या मैत्रिणीने सांगितलं, एक कंपनी घरी बसून काम देते. घरीच फोन, घरीच कॉम्प्युटर, पोट कोणी बघत नाही. फक्त आधी फोनवर परीक्षा घेणार. आवाज कसा, भाषा कशी, चिडलेल्या माणसाशी कशी बोलतेस. आणि एक अट. घर शांत पाहिजे. मागे आवाज आला तर घेत नाहीत.

ती तयारीला लागली. संध्याकाळी मागच्या विहिरीपाशी दोघं बसायची. नितेश चिडलेला गिऱ्हाईक व्हायचा, ती त्याला समजवायची. एकदा मी बादली घेऊन गेलो नि केळीच्या आड थांबलो. नितेश जाडा आवाज काढून म्हणत होता, "मला बटन-बिटन दाबायला सांगू नको. मी कोन हाय माहीत हाय काय तुला? मी सांगतो ते खरं."

तो माझा आवाज होता. माझीच बोलायची ढब, खाकरणं धरून.

आणि ती म्हणत होती, "आपलं बरोबरच आहे, सर. आपण आधी सांगा, मी ऐकते. मला घाई नाही."

मग दोघंही हसत सुटली. ती म्हणाली, "हळू, बाबा ऐकतील. पन खरं सांगू, विरारला मला लोक शिव्या द्यायचे तर मी रडायची. आता नाय रडनार. बाबांनी तयार केलंय मला."

बादली तशीच रिकामी घेऊन मी परतलो. तिने हे प्रेमाने म्हटलं होतं की टोचून? आज मला वाटतं, प्रेमाने. त्या दिवशी मी तसं धरलं नाही. मी धरलं की या घरात मी आता नकलेपुरता उरलोय.

वसंताच्या टपरीवर गेलो की तो सोडायचा नाही. "काय जगू, सून आता घरात बसून हॅलो हॅलो करनार म्हनं. मजा हाय बाबा तुजी. तू ठोक डाय, ती ठोकल गप्पा, नि घर चालल गप्पांवर." बाकीचे हसायचे. मी म्हणायचो, "माजं घर माज्या हातावर चालतं." खोटं. माझं घर तेव्हा माझ्या साठवणीवर चाललं होतं, नि तीही तळाला लागली होती. वसंताला ते माहीत होतं का? मला आजही शंका आहे. तोही कारागीर. कोऱ्या पोलादाचा आवाज नि कोरीव कामाचा आवाज यातला फरक त्याच्या कानाला कळत नसेल?

परीक्षेचा दिवस कंपनीने तिच्यावर सोडला होता. तिने कॅलेंडर बघितलं. आदल्या दिवशी भांडी घासता घासता मला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं,

"बाबा, उद्या अवस हाय ना?"

"हाय."

"मग पडवी बंद?"

"बंदच. कधी उघडी बघितलीस?"

ती मान खाली घालून हसली. तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही की, बाबा, उद्या ठोकू नका. सासऱ्याला काम थांबवा म्हणणं तिला जड गेलं असेल. तिने माझा मान राखून दिवस निवडला, माझ्याच रीतीवर भरवसा ठेवून. आणि मला ते कळलं. मी अडाणी आहे, पण एवढा नाही. मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी नितेश कामावर गेला. तिने सकाळीच जेवण उरकलं. आतल्या खोलीच्या खिडकीला गोधडी बांधली. शेजारच्या काकूला सांगून आली की मसाला दुपारी कुटा. मी हत्यारं पुसली, तेल लावलं, जास्वंद ठेवली. मग टपरीवर गेलो. तिथे वसंता म्हणाला, "आज परीक्षा ना सुनेची? पास झाली की पेढे दे. नि ती हातोडी टांग खुंटीला, रोजच अवस मग."

एवढंच बोलला. गमतीने बोलला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

घरी आलो तर आतून तिचा आवाज येत होता. दार बंद. मी ओट्यावर बसलो. मराठीत बोलली, मग हिंदीत, मग इंग्रजी सुरू झालं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण चांगलं काम चाललं असलं की कळतं. तिचं चांगलं चाललं होतं. कुठे अडत नव्हती. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला नि ती हसली. नोकरी मागणाऱ्याचं हसणं नव्हतं ते. कामातला माणूस कामातल्या माणसाशी हसतो तसं हसली. तेव्हा मला ठाम कळलं, ही पास होणार. उद्यापासून या घरात हिचा आवाज असणार. माझा नाही.

मी उठलो. पडवीत गेलो. तुम्हाला वाटेल मला भान नव्हतं, रागाच्या भरात केलं. नाही. मी आधी टोपी काढून खुंटीला लावली, कामाला बसताना लावतो तशी. हातोडीवरची जास्वंद उचलून बाजूला ठेवली. टाकली नाही, ठेवली. कोरा ठोकळा घेतला. ऐरणीवर धरला.

आणि ठोकला.

पहिला ठोका हलका होता. ती बोलताना अडखळली, नि पुन्हा बोलू लागली. तिथे थांबता आलं असतं. हातोडी हातातून पडली म्हणता आलं असतं, कोणीही मानलं असतं. मी दुसरा ठोका घातला. मग तिसरा. मग रोजच्या लयीत.

दार हातभर उघडलं. तिने फोनवर तळवा दाबून धरला होता. माझ्याकडे बघितलं. एवढं बघणं मला माझ्या बायकोचंही सोसलं नसतं. मी खाली मान घालून म्हटलं, "अर्जंट हाय."

तिने मान हलवली नि दार ओढून घेतलं. मग मला आतून ऐकू आलं. या वेळी मराठीत बोलत होती, म्हणून कळलं. ती म्हणत होती, "माफ करा, सर. माझे सासरे कारागीर आहेत. दागिन्यांच्या डाय हाताने बनवतात, आमच्याकडे आता तेवढे एकटेच राहिलेत. आज त्यांचं तातडीचं काम आलंय. त्यांना थांबवता येणार नाही."

हे ती अभिमानाने सांगत होती. मला आवाजातलं कळतं. घाबरून नाही, लाजून नाही. परक्या माणसाला, आपली नोकरी हातची जात असताना, ती माझी ओळख करून देत होती.

आणि हे ऐकल्यावर मी काय केलं? आज तुम्हाला जे सांगायला बसलो ते हेच. ऐकलं. कळलं. नि ठोकत राहिलो. थांबलो असतो तर अर्जंट काम खोटं पडलं असतं. म्हणून तिचा फोन संपेपर्यंत ठोकलं, नि संपल्यावरही थोडं ठोकलं.

ती बाहेर आली ती सरळ चुलीकडे गेली. "बाबा, चहा ठेवू?"

"ठेव."

चहा देताना म्हणाली, "कळवतो म्हनाले. पन घरात आवाज असला तर जमायचं नाय म्हनाले." कप माझ्याकडे सारला. "तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमी अवसेला हातोडी उचललीत म्हंजे घराची काय दशा झाली ते मला कळत नाय काय? तुमी कुनासाठी केलंत?"

ऐकलंत? तिला वाटलं मी घरासाठी रीत मोडली. तिच्यासाठी, पोटातल्या बाळासाठी. मी चहा प्यायलो. गरम होता, तसाच प्यायलो.

संध्याकाळी नितेश भडकला. "बाबा, अवसेला? सगळी हयात नाय उचललीत नि आजच?" मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "नितेश, बाबांना काय बोलायचं नाय. त्यांनी देवाचा दिवस मोडला, त्यांना किती जड गेलं असल." तो गप्प झाला. मीही गप्प झालो. माझ्या गप्प बसण्याला त्या दिवशी घरात मान मिळाला.

कंपनीने कळवलं नाही. तिने पुन्हा कुठे फोनवरची परीक्षा मागितली नाही. घरात तातडीची कामं येतात, बाबांना कसं थांबवायचं, असं म्हणाली. सहावा महिना लागत असताना ती बोईसरला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. ठेकेदाराने लावलेल्या बायकांत पोट कोणी विचारत नाही, उभं राहता आलं की झालं. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी, दिवसभर उभं राहून डब्या भरायच्या. लाइनवर बोलायला मनाई. बोललं तर सुपरवायझर हटकतो.

पाय सुजायला लागले. घरी आली की भिंतीला पाय लावून पडायची. मी तेल गरम करून ठेवायचो. तेल ठेवायचो, बोलायचो नाही. नितेशने दोनदा म्हटलं, सोड. ती म्हणाली, मग तू दहेजला जाशील. एक दिवस लाइनवरच चक्कर येऊन पडली. बरोबरच्या बायकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. एवढीशी मुलगी, माझ्या तळहातापेक्षा थोडी मोठी. काचेच्या पेटीत ठेवली होती. मी काचेबाहेर उभा राहायचो. डॉक्टरीण म्हणाली, आजोबा, अशी बाळं होतात, कुणाचा दोष नसतो. चांगली बाई होती. तिला काय माहीत, ती कुणाला सांगते आहे.

पोर जगली. नाव आर्वी. आता शाळेत जाते. थोडी बारीक आहे, सर्दी लगेच होते, पण बोलायला तिखट. नितेशला पुढे बोईसरलाच कायमचं काम लागलं. घर एका ठिकाणी राहिलं. प्रणालीने राखलं, पायांवर. पॅकिंग अजून करते. फोन आला तरी आता आमच्यासारखंच बोलते, हाय-नाय. तो दुसरा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

ठोकणं मी बाळ काचेत असतानाच बंद केलं. आळीत कोणी विचारलं नाही. नात सांभाळतो, शाळेत सोडतो-आणतो, भात टाकतो. बायका म्हणतात, सासरा असावा तर असा. वसंतासुद्धा म्हणतो, जगू, सुदरलास तू म्हातारपनी. मी ऐकून घेतो. त्यातलं काही परत करत नाही.

परवाची गोष्ट. नितेश जेवताना म्हणाला, "ते घरून फोनचं काम परत निघालंय. तुझी मैत्रीन विचारत होती. आता तर घर शांत हाय. बघ की करून."

प्रणाली भाकरी मोडत होती. म्हणाली, "नको रे. आता बोलायची सवय गेली. नि बाबांच्या हातचं काम एकदा निघालं तर? इतक्या वर्षांचा कारागीर, येईल कोनीतरी शोधत. त्यांना माज्या फोनापायी थांबायला नको."

नितेशने माझ्याकडे बघितलं. तिनेही बघितलं, हसून. आर्वी माझ्या मांडीवर होती, तिला मी वरण-भात भरवत होतो. कोणी घाई करत नव्हतं. बोलायला भरपूर वेळ होता.

मी पुढचा घास कालवला, नि नातीला म्हटलं, आ कर.

प्रणाली उठली, हात धुतले, डबा भरला नि दुपारच्या पाळीला निघून गेली.